पंचवीस मिनिटं

बोरिवली (पूर्व)
सुरुवात : ३ नोव्हेंबर २०२४
शेवट : ११ जानेवारी २०२५

ताई,

वरच्या दोन तारखा बघून हसू नकोस. हे पत्र दोन महिने माझ्या टेबलावर आहे. त्यावर दोनदा चहा सांडला, एकदा मीच ते रद्दीत टाकलं आणि परत काढलं. तुझा जुना नंबर लागत नाही. पत्ता मात्र पाठ आहे, म्हणून पत्र.

तुला वाटेल, सात वर्षांनी याचं काय काम निघालं. काम आहे, आणि तेच आधी सांगतो, नाहीतर राहून जाईल. मी अजून लिफ्टचंच काम करतो. सप्टेंबरात कांदिवलीच्या एका बिल्डिंगमध्ये एक बाई दोन मजल्यांच्या मधे अडकल्या. दार उघडेपर्यंत पस्तीस मिनिटं गेली. त्या घाबरू नयेत म्हणून तेवढा वेळ मी फटीतून त्यांच्याशी बोलत होतो. काय बोललो असेन? सगळं. आजवर किती किल्ल्या हरवल्या, सर्व्हिसचे फॉर्म महिनोन्महिने कसे कोरे पडून राहतात, आणि लिफ्ट अडकली की मात्र मी एकदम शहाणा कसा होतो. बाहेर आल्यावर त्यांनी आधी पाणी मागितलं आणि मग म्हणाल्या, “मी मानसोपचाराची डॉक्टर आहे. तुम्ही एकदा येऊन भेटा.” डॉक्टर उत्तरा त्यांचं नाव. मी भेटलो. म्हणजे तीन अपॉइंटमेंट चुकवून चौथीला भेटलो.

त्यांना वाटतं मला एडीएचडी आहे. तो पोरांचा आजार असं मी समजत होतो. त्या म्हणाल्या, पोरं मोठी होतात, मग तो कुठे जातो? पण नक्की काय ते सांगण्याआधी त्यांना मला लहानपणापासून ओळखणारं एक माणूस हवंय. मी शाळेत कसा होतो, घरी कसा होतो, एवढं लिहून द्यायचं. आई नाही, बाबा नाहीत. तूच आहेस.

दुसरं काम डॉक्टरांचं नाही, माझं आहे. बाबा कायमचे गावी निघाले त्या सकाळचं. तुझी बाजू मी ऐकली, तुझ्यासोबत अख्ख्या बसस्टॉपने ऐकली. माझी मी कधी सांगितली नाही. तू आणि बाबा सामान घेऊन रिक्षाने हायवेवर पुढे गेलात. रिक्षात बाबांचा पखवाज मावेना, म्हणून तो घेऊन मी मागून चालत यायचं ठरलं. माझा फोन तुझ्याकडे होता, कारण बसवाल्याने तोच नंबर लिहून घेतला होता. बस साडेसहाची. आपलं स्वयंपाकघरातलं घड्याळ पंचवीस मिनिटं पुढे, माझ्या दहावीत तूच केलेलं, मी शाळेला वेळेवर निघावं म्हणून. त्यात सहा पस्तीस झाले, म्हणजे खरे सहा दहा, तेव्हा मी कुलूप लावलं. बाहेर चांगलंच उजाडलं होतं, पण एप्रिल आहे, उजाडणारच, असं वाटलं. बारा मिनिटांचा रस्ता, म्हणजे सहा बावीसला पोचायला हवं होतं. पोचलो तर बस गेलेली, आणि तुझ्या हातातल्या फोनवर सहा सत्तेचाळीस.

ती पंचवीस मिनिटं कुठे गेली ते मला अजून माहीत नाही. मी रस्त्यात कुठे थांबलो नव्हतो. निदान मला तसं आठवत नाही. घरी आल्यावर पहिलं घड्याळ बघितलं. ते नेहमीसारखं पंचवीस मिनिटं पुढेच होतं. म्हणजे मीच कुठेतरी हरवलो असणार. दोन महिन्यांनी बाबा गेले, तोवर मी त्यांच्याशी धड बोललो नाही. गावाहून फोन आला की मी घराबाहेर पडायचो. त्यांचं तेरावं झाल्यावर इकडे निघून आलो, ते तुला माहीत आहे.

स्टॉपवर तू मला जे बोललीस त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला फक्त एक सांग. बस सुटताना बाबा माझ्याबद्दल काहीतरी म्हणालेच असतील. काय म्हणाले?

देवेश


मानखुर्द
२० जानेवारी २०२५

देवेश,

पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच आहे, एक ओळ घाट चढते आणि दुसरी उतरते.

रोगाला नाव मिळालं की सगळं माफ होतं का रे? आमच्या गोवंडीच्या शाळेत हल्ली आईबाप हीच अक्षरं सांगत येतात. उशिरा येणाऱ्या पोरांची नावं वहीत लिहायचं काम क्लार्कचं, म्हणजे माझं. मी नाव लिहिते आणि वर बघत नाही. एखाद्याच्या शर्टाचं बटण चुकीच्या काजात असतं, डबा उघडा असतो, आणि तोंडावर असं असतं की उशीर झालाय हे त्याला आत्ताच, वहीपाशी आल्यावर कळलंय. असा कोणी आला की माझा अर्धा दिवस खराब जातो.

डॉक्टरांना सांग. तिसरीत असताना हा एक चप्पल पायात आणि एक हातात घेऊन शाळेत गेला. दुसरी का घातली नाही विचारलं तर म्हणाला, घालणारच होतो. दूध आणायला पाठवला तर दोन तासांनी कोणाचातरी मिक्सर दुरुस्त करून आला, दुधाशिवाय. प्रगतिपुस्तकात दरवर्षी एकच शेरा, हुशार आहे पण. त्या ‘पण’च्या पुढचं तेवढं बाई बदलायच्या. हा खोटं बोलायचा नाही. ‘आत्ता करतो’ म्हणायचा तेव्हा त्याला खरंच वाटत असायचं की आत्ता करणार आहे. आणि वस्तीत कोणाचं काही मोडलं की ह्यालाच बोलवायचे. तेव्हा हा जेवायलाही उठायचा नाही. बाबा गिरणीत भोंग्यावर जगलेले. पाच मिनिटं उशीर म्हणजे गेट बंद, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी ह्याला मारलंही पुष्कळ, आणि नंतर देवाकडे तोंड करून बसायचे. एवढं पुरे का?

फोन करू नकोस. नवा नंबर मी देणार नाही. पत्रच लिही. पत्राला उशीर झाला तर तो तुझा की पोस्टाचा हे मला कळणार नाही, आणि मला तेच बरं.

बाबांचं विचारलंस. ते नंतर.

घड्याळ अजून तिथेच आहे, पंचवीस मिनिटं पुढे. आता घरात मी एकटी. ते कोणासाठी पुढे ठेवलंय, कोण जाणे. कोणी आलंच तर त्याच्याकडे बघून घाबरून लवकर उठतं.

गोळ्या दिल्या तर खाऊन घेत जा, उपाशीपोटी नको.

जान्हवी


बोरिवली
१६ फेब्रुवारी २०२५

ताई,

तुझं पत्र मी डॉक्टरांना वाचून दाखवलं. मिक्सरपाशी त्या हसल्या. ‘घालणारच होतो’ ही ओळ मात्र त्यांनी परत वाचायला सांगितली. आणखीही बरेच प्रश्न विचारले, दोन बैठका झाल्या, आणि आता नक्की आहे. बाहेर येऊन मी फुटपाथवर उभाच राहिलो. सदतीस वर्षं ज्याला मी आळस म्हणत होतो त्याचं नाव दुसरंच निघालं. बरं वाटलं आणि रडूही आलं. बाबांना हे कळलं असतं तर, असं वाटत राहिलं.

सगळं माफ होतं का, असं तू विचारलंस. नाही होत. डॉक्टरही तेच म्हणतात. पण मला तुला एक समजावायचं आहे. काम करायचं माझ्या मनात असतं. काम समोर दिसत असतं. तरी हात हलत नाही. लिफ्टचं दार पूर्ण लागलं नाही की लिफ्ट जागची हलत नाही, बघ. दिवा असतो, पंखा फिरतो, मोटर धड असते, आतला माणूस बटण दाबून दाबून थकतो. बाहेरच्याला वाटतं आतला झोपलाय.

गोळीने डोक्यातली गडबड कमी होते. पण गोळी काही फॉर्म भरत नाही. बाकी उपाय चालू आहेत. दाराला पाटी लावली आहे, किल्ली, डबा, बेल्ट, फोन. किल्ली रात्री बुटात टाकून ठेवतो. फोनमध्ये अकरा अलार्म आहेत, त्यातले चार कशाचे ते मला आठवत नाही. खरं सांगू का, कुठलाही उपाय तीन आठवडे चालतो. मग तो भिंतीचा भाग होतो आणि दिसेनासा होतो. मग पाटीचा रंग बदलायचा, परत तीन आठवडे. असंच आयुष्यभर करत राहायचं, असं दिसतंय.

एका गोष्टीने मात्र कमाल केली. कोणी नुसतं शेजारी बसलं तर माझ्या हातून काम होतं. त्यांनी काही बोलायचं नाही, मला बघायचंही नाही. समोरच्या द्रौपदीकाकूंना मी लाजत लाजत विचारलं. आता रविवारी सकाळी त्या माझ्याकडे लसूण सोलत बसतात आणि मी फॉर्म भरतो. मागच्या रविवारी चार महिन्यांचे भरले.

तो लसणाचा ढीग बघता बघता मला तू आठवलीस. दहावीला तू अशीच माझ्यापाशी बसायचीस, मोड आलेले वाल सोलत. ‘ही वाटी भरेपर्यंत उठायचं नाही.’ तास म्हणजे किती हे मला कधीच कळलं नाही, पण वाटी कळायची. वाटी भरत आली की मी घाईने शेवटचं गणित सोडवायचो. एखाद्या दिवशी गणित राहिलं तर तू सोललेले चार वाल हळूच परत ताटात टाकायचीस, ते मी बघितलंय. त्या वर्षी तुझी स्वतःची बी.ए.ची परीक्षा होती, हे मला ह्या रविवारी आठवलं. तू केव्हा अभ्यास केलास ते मी कधी विचारलंच नाही.

मला तुझी फार आठवण येते, ताई. घराची नाही, तुझी. शेजारी बसलेली, माझ्याकडे न बघणारी.

पखवाज माझ्याकडे आहे. सात वर्षं कपाटावर होता, दोन्ही तोंडांवरच्या चामड्याच्या पुड्या सुकून फाटल्या होत्या. बाबांचे शेवटचे दोन महिने गावच्या भजनात हातांना काम नसताना गेले असतील, हे मनात आलं की मी तिकडे बघायचंच टाळायचो. मागच्या आठवड्यात नव्या पुड्या चढवायला दिला आणि आठवणीने परतही आणला. आता आवाज चांगला येतो.

बाबा काय म्हणाले ते तू टाळलंस.

देवेश


बोरिवली
१९ मार्च २०२५

ताई,

महिना उलटून गेला. टपालाची पेटी बघायला मात्र मी एक दिवस विसरत नाही.

आता माझ्या लक्षात आलंय. बाबा काहीतरी वाईट म्हणाले असणार आणि तुला ते लिहवत नाही. ‘असलो झील नसलेलो बरो’ असंच काहीतरी, असला मुलगा काय कामाचा अशा अर्थाचं. त्यांच्या आवाजात मी अशी दहा वाक्यं मनात म्हणून बघितली आहेत, त्यामुळे अकरावं ऐकून मला काही होणार नाही. तरी नको वाटत असेल तर लिहू नकोस. नुसतं कोरं पत्र पाठव. तू बरी आहेस एवढं कळेल.

देवेश


मानखुर्द
२६ मार्च २०२५

देवा,

कोरं पत्र पाठवायचं ठरवलं होतं. पाकिटावर पत्ता लिहिला, आत कोरा कागद घातला, आणि पोस्टापर्यंत जाऊन परत आले.

बाबा तसलं काही म्हणाले नाहीत. जे म्हणाले ते मी तुला सांगायचं होतं. जाताना त्यांनी मला तेवढं एकच काम दिलं होतं.

त्या पहाटे तू आंघोळीला गेला होतास. बाबा स्टुलावर चढले आणि घड्याळाचे काटे मागे घेतले, बरोबर वेळेवर आणले. ते पुढे केलेलं घड्याळ त्यांना कधीच पटलं नव्हतं. घड्याळाला खोटं बोलायला लावता, म्हणायचे. मी म्हटलं, बाबा, आता कशाला? तर म्हणाले, “जातंय तर घर बरोबर करून जातंय.” तेवढ्यात रिक्षा आली, सामान उचलण्याची घाई झाली, आणि तुला सांगायचं डोक्यातून गेलं. माझ्या डोक्यातून, देवा. तुझ्या नाही.

साडेसहा झाले. ड्रायव्हर पाच मिनिटं थांबला. बाबा बसच्या दारात उभे होते, एक पाय खाली. पाय आत घेत नव्हते. आणि एकदम त्यांच्या लक्षात आलं. माझा हात धरून म्हणाले, “जानू, घड्याळ मियां बरोबर केलंय गो. पोरगो पंचवीस मिनिटां धरून बसलो असतलो. तेची चूक नाय. तेका सांग, तेची चूक नाय.” दोनदा म्हणाले. बस सुटल्यावर खिडकीतून हातानेच खूण करत होते, सांग म्हणून.

हे सगळं मला माहीत होतं. स्टॉपवर मी एकटीच दिसल्यावर तू पखवाज छातीशी धरून धावत आलास, आणि मी तुला सगळ्यांसमोर घराला लागलेला रोग म्हटलं. का म्हटलं याचं उत्तर मी सात वर्षं शोधते आहे. आई गेल्यापासून तुझ्यामागे मी धावले. तुझी बिलं, तुझे फॉर्म, तुझ्या हरवलेल्या चाव्या. तुझ्या उशिरापायी मी कुठे कुठे मान खाली घातली ते तुला माहीतही नाही. तेव्हा कधी बोलले नाही. त्या दिवशी बाबा निघून गेले, मला रडायचं होतं, आणि समोर तू होतास. बाकीच्या सगळ्या दिवसांचा राग मी त्या एका दिवशी काढला, आणि नेमका त्याच दिवशी तू वेळेवर निघाला होतास.

बोलून गेल्यावर परत कसं फिरायचं ते मला कळेना. तू तिथेच बाकावर बसून राहिलास. मी घरी आले, त्याच स्टुलावर चढले आणि काटे पुन्हा पंचवीस मिनिटं पुढे केले. तू आलास की पहिलं तिकडे बघशील हे मला ठाऊक होतं. तू बघितलंस, आणि पखवाज भिंतीला लावून ठेवलास.

गावाहून बाबांनी फोनवर विचारलं, “सांगितलंस मां तेका?” मी हो म्हटलं. तू फोन घेत नव्हतास, म्हणून माझं निभावलं. वाटलं, गणपतीला गावी जाऊ तेव्हा दोघांसमोर कबूल करू. बाबा त्याच्या आधीच गेले. मग तू गेलास.

मला वाटायचं, तू ती सकाळ केव्हाच विसरला असशील, तू सगळंच विसरतोस. मग तू अजून ती पंचवीस मिनिटं शोधतो आहेस हे तुझ्या पहिल्या पत्रात वाचलं. ती रस्त्यात कुठे हरवली नव्हती, देवा. ती मी घेतली होती.

सात वर्षांत घड्याळाला मी हात लावला नाही. सेल बदलायला शेजारच्यांना सांगते. ये म्हणायचा मला हक्क नाही. तरी लिहिते, ये.

ताई


बोरिवली
२ एप्रिल २०२५

ताई,

पत्र दुपारी मिळालं आणि उत्तर आजच टाकतो आहे. इथली पेटी पाच वाजता उघडतात, आता सव्वाचार झालेत. डॉक्टरांना हे सांगितलं तर त्यांना खरं वाटणार नाही.

मला फार राग आला. तुझं पत्र घेऊन मी एका बिल्डिंगच्या गच्चीवर लिफ्टच्या मशीनरूममध्ये जाऊन बसलो आणि तिथे मोठ्याने रडलो. तिथे मोटरच्या आवाजात कोणाला ऐकू जात नाही. तुला एक गोष्ट सांगितली नव्हती. मी मानखुर्दला आलोय, ताई. एकदा नाही, सात वर्षांत नऊ-दहा वेळा तरी. आपल्या दारापासून हायवेच्या स्टॉपपर्यंत चाललोय, फोनवर वेळ लावून. कधी भरभर, कधी हळू, एकदा मुद्दाम सगळ्या टपऱ्यांवर थांबून. बारा मिनिटं, नाहीतर तेरा. थांबत थांबत गेलो तेव्हासुद्धा वीसच्या वर गेली नाहीत. पंचवीस मिनिटं त्या रस्त्यात बसतच नव्हती. तरी मी स्वतःवरच संशय घेतला, कारण दुसऱ्या कोणावर घ्यायची मला सवय नाही. दर वेळी तुझी खिडकी बघायचो, आत भांड्यांचा आवाज यायचा, आणि मी परत फिरायचो.

बाकीच्या दिवसांचं तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. ते दिवस मी नाकारत नाही, आणि त्यांची माफी मागायला मला आणखी पत्रं लागतील. पण तो एक दिवस माझा होता आणि तोच तू मला दिला नाहीस. हा राग जायला वेळ लागेल. वेळेच्या बाबतीत मी कसा आहे ते तुला माहीतच आहे.

तरी दुपारपासून मी एकच वाक्य परत परत वाचतोय. पोरगो पंचवीस मिनिटां धरून बसलो असतलो. म्हणजे घरात बसून मी काय हिशेब करतोय हे बाबांना हायवेवर उभं राहून कळलं. मी त्यांना कधी कळलोच नाही असं मला वाटत होतं. त्यांनी पाय खाली ठेवला होता. माझ्यासाठी बस अडवून धरली होती.

१३ तारखेला रविवार आहे. मी येतो. पखवाज घेऊन येतो, तो घरी भिंतीपाशी राहू दे, पुढे गावी न्यायचा का ते दोघं मिळून बघू. घड्याळाला हात लावू नकोस. काटे मी मागे घेईन. स्टूल तेवढं धर.

किती वाजता येईन ते लिहीत नाही. वेळ लिहिली तर वाजले किती ते बघत तू पुन्हा दारात उभी राहशील आणि मी पुन्हा रस्त्यात धावत असेन. शुक्रवारी वाल भिजत घाल. रविवारी सकाळी मोड आले की सोलायला बस. वाटी भरायच्या आत मी तुझ्या शेजारी येऊन बसलेला असेन.

वाटी मोठी घे.

देवा